बगल्स इतक्या लवकर का संपले?

प्रश्न असा आहे: ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ एवढं जगभर वाजलं, एमटीव्ही या अमेरिकी संगीतवाहिनीने तर त्याच गाण्याने चॅनल सुरू केलं, मग ते गाणारा बगल्स हा इंग्लिश बँड दोन-तीन वर्षांतच कसा गायब झाला? एकच हिट देऊन संपलेला बँड, असंच समजायचं का?

मी मुंबईत बरीच वर्षं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगची कामं करतो, तेव्हा उत्तरही स्टुडिओच्या बाजूने देणार. माझ्या मते ‘बँड फुटला’ हे वर्णनच इथे लागू होत नाही. बगल्स म्हणजे ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स, एवढीच दोन माणसं. हे दोघं कुठल्या क्लबात वाजवत वाजवत वर आले नाहीत. त्यांनी स्टुडिओत बसून एक ध्वनी तयार केला आणि कव्हरवर काहीतरी छापायला हवं म्हणून त्याला नाव दिलं. गाणं इतकं चाललं की लोकांनी त्यांच्याकडे बँड असण्याची मागणी केली. ती मागणी पुरी करता करता दोघं दोन दिशांना गेले.

आधी एमटीव्हीचं बघू, कारण तिथे काळाची गल्लत होते. गाणं ब्रिटनमध्ये आलं सप्टेंबर १९७९मध्ये, आयलँड रेकॉर्ड्सतर्फे. २० ऑक्टोबर १९७९च्या ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि एकच आठवडा तिथे राहिलं. त्याने खाली ढकललं पोलीस या बँडच्या ‘मेसेज इन अ बॉटल’ला आणि त्याला खाली ढकललं लीना मार्टेल या स्कॉटिश गायिकेच्या ‘वन डे ॲट अ टाइम’ या भक्तिगीताने. कंपनीचं नाव आज एवढं मोठं वाटतं, पण आयलँडच्या लेबलवर निघालेली ही पहिलीच सिंगल, जी ब्रिटनमध्ये अव्वल ठरली. अमेरिकेत मात्र तिची मजल ४०व्या क्रमांकापर्यंतच गेली. एमटीव्ही सुरू झाली १ ऑगस्ट १९८१ला, मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाने. म्हणजे गाणं तोवर जवळजवळ दोन वर्षं जुनं झालं होतं आणि डाउन्स बगल्समधून बाहेरही पडला होता. त्या रात्री न्यू जर्सीतल्या मोजक्या केबल ग्राहकांनी जे पाहिलं, ते एका जवळपास मोडीत निघालेल्या बँडचं चित्रीकरण होतं. रसेल मल्केहीने केलेल्या त्या व्हिडिओत मागे काळ्या कपड्यांत सिंथेसायझरवर एक पोरगेला माणूस दिसतो, तो हान्स झिमर. हो, पुढे हॉलिवूडला गेलेला संगीतकार, तोच.

आणि ‘एकच हिट’ हेही ब्रिटनपुरतं खोटं आहे. त्यानंतरचं ‘लिव्हिंग इन द प्लास्टिक एज’ १६व्या क्रमांकापर्यंत गेलं, ‘क्लीन, क्लीन’ ३८व्या आणि ‘एल्स्ट्री’ ५५व्या. उतरती भाजणी आहे खरी, पण शून्य नाही.

आता माणसांबद्दल. हॉर्नचा जन्म १९४९चा, डरहॅमकडचा. वडीलही डान्स बँडमध्ये बेस वाजवायचे, त्यामुळे नोटेशन वाचून, पडेल ते काम करून पोट भरणारा वादक ही त्याची जात. डाउन्स १९५२चा, स्टॉकपोर्टचा, लीड्सच्या संगीत महाविद्यालयात शिकलेला, पियानोवर पक्का बसलेला. दोघं भेटले टीना चार्ल्स या गायिकेच्या साथीला वाजवताना. टीनाचं ‘आय लव्ह टू लव्ह’ १९७६ साली ब्रिटनमध्ये पहिलं आलं होतं आणि त्याचा निर्माता होता बिद्दू. आपल्या बेंगळुरूचा बिद्दू अप्पय्या. ‘कुंग फू फायटिंग’वाला, आणि १९८०मध्ये ‘कुर्बानी’तल्या ‘आप जैसा कोई’ने आपल्याकडे घराघरांत पोचलेला. बिद्दूचे ट्रॅक कसे बांधलेले असतात याचा हॉर्नवर आणि डाउन्सवर मोठा परिणाम झाला आणि ते त्यांनी लपवलेलं नाही. डिस्कोच्या त्या काळात रेकॉर्ड निर्मात्याची असायची. ठेका, बेस, व्हायोलिनं, मागचे आवाज, सगळं आधी त्याच्या डोक्यात, आणि गायिका येऊन त्या मखरात बसायची. हॉर्नने हे जवळून पाहिलं. गिटार खांद्याला लावून घाम गाळत वाजवणाऱ्या बँडच्या मानाने हे सगळं पार वेगळं, आणि बगल्सचं मूळ तिथे आहे. पंक ऐन भरात असताना ही दोन माणसं इतकं गुळगुळीत, इस्त्री केलेलं पॉप का करत होती, याचंही उत्तर तिथेच सापडतं.

गाणं लिहिलं तिघांनी, १९७८मध्ये. तिसरा ब्रूस वूली. हॉर्नच्या डोक्यात जे. जी. बॅलर्डची ‘द साउंड-स्वीप’ ही कथा होती. तिच्यात गाण्याचं युग संपलंय, एक विस्मृतीत गेलेली ऑपेरा गायिका आहे आणि भिंतींत मुरलेले आवाज झाडून गोळा करणारा एक मुका पोरगा आहे. शिवाय क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा ‘द मॅन-मशीन’ हा अल्बम तेव्हा ताजा होता. तंत्र पुढे जातं आणि आवाज मागे राहतो, ही कल्पना बॅलर्डची. ती यंत्रासारख्या ध्वनीत मांडायची हे क्राफ्टवेर्ककडून आलं. वूली मग बाहेर पडला, स्वतःचा ‘कॅमेरा क्लब’ नावाचा बँड काढला आणि तेच गाणं आपल्या पद्धतीने रेकॉर्ड केलं. त्याच्या बँडमध्ये कीबोर्डवर थॉमस डॉल्बी होता. ती आवृत्ती जरूर ऐका. चाल तीच, शब्द तेच, एक चांगला बँड ते जोरात वाजवतोय. वाईट अजिबात नाही. पण ते ऐकल्यावर कळतं की जग ज्याच्या मागे लागलं ती चीज नुसती चाल नव्हती.

मग होतं काय? इथे जरा थांबतो, कारण माझ्या धंद्याचा भाग इथे आहे.

मूळ ठेका पश्चिम लंडनमधल्या टाउन हाउस स्टुडिओत घेतला गेला, बसवायला बारा-एक तास लागले. रेकॉर्डिंगला ह्यू पॅजम होता. (पुढे याच इमारतीत याच माणसाने गायक-ड्रमर फिल कॉलिन्सचा तो तोफेसारखा ड्रमचा आवाज काढला, ज्याच्या नकला करण्यात आमच्या आधीच्या पिढीने एक अख्खं दशक घालवलं.) बारा तासांत ठेका झाला आणि उरलेल्या कामाला महिने लागले. ते काम पूर्व लंडनमध्ये सार्म स्टुडिओत, गॅरी लँगन या इंजिनिअरच्या हातून. त्याने गाणं चार-पाच वेळा पहिल्यापासून मिक्स केलं. तेव्हा ऑटोमेशन, म्हणजे मिक्सच्या हालचाली यंत्राने लक्षात ठेवणं, आजच्यासारखं नव्हतं. ‘पहिल्यापासून मिक्स’ म्हणजे सगळे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) खाली आणि पुन्हा श्रीगणेशा. कंपनीचं मीटर चालू असताना हे करायला छाती लागते.

ड्रम पॉल रॉबिन्सनने हाताने वाजवलेत. बरेच लोक ते ड्रम मशीन समजतात, कारण हॉर्नला ते तसंच हवं होतं: माणसाने वाजवलेलं पण यंत्राने वाजवल्यासारखं. क्लिकला, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठोक्याला चिकटून, एकही फिल (मधली भरणीची वाजवणी) उगाच नाही. ड्रमरला ‘कमी वाजव’ सांगणं किती अवघड असतं, हे ज्याने सांगून पाहिलंय त्यालाच माहीत.

आणि मग अंतऱ्यातला हॉर्नचा आवाज. तो जुन्या रेडिओतून आल्यासारखा ऐकू येतो. आधी त्यांनी कर्णा वापरून पाहिला, पण तो कानाला फार टोचला. शेवटी रेकॉर्ड केलेला आवाज व्हॉक्स एसी-३० या गिटारच्या अँप्लिफायरमधून बाहेर काढला आणि माइक लावून पुन्हा घेतला. आज आम्ही एखाद्या मालिकेत टेलिफोनवरचा आवाज करतो तेव्हा काय करतो? ३०० हर्ट्झच्या खालचं आणि साडेतीन हजारांच्या वरचं कापतो, थोडी खरखर घालतो, दोन मिनिटांत काम. पण नुसतं कापलं की आवाज मागे जातो, बारीक होतो. अँप्लिफायरमधून काढला की मधल्या पट्ट्यात दाटपणा येतो, स्पीकरच्या कागदाची स्वतःची घरघर येते, आणि आवाज अरुंद असूनही पुढे राहतो. त्यावर कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबून सपाट करणारं यंत्र) दाबला की तो अगदी कानाशी येतो. हॉर्नचा गळा काही थोर नाही, हे तो स्वतःही जाणून होता. त्याने त्या गळ्याला एक भूमिका दिली. आता त्याच्यासमोर डेबी डॉस आणि लिंडा जार्डिम या दोघींचा ‘औवा औवा’ ठेवा: उघडा, लखलखीत, जाहिरातीतल्या जिंगलसारखा. एकीकडे रेडिओ आणि दुसरीकडे टीव्ही. गाण्याचे शब्द जे सांगतात तेच ध्वनीही सांगतोय. शब्द न कळणाऱ्यालाही ते कळतं, म्हणून हे गाणं डझनभराहून जास्त देशांत पहिलं आलं, असं मला वाटतं.

पट्टी काळी एक, म्हणजे डी फ्लॅट मेजर, आणि लय मिनिटाला साधारण १३२ मात्रा. सिंगल साडेतीन मिनिटांच्या आत संपते. अल्बमवर तेच गाणं सव्वाचार मिनिटांचं आहे आणि शेवटी डाउन्सचा पियानो येतो. मला तो शेवट जास्त आवडतो.

आता आली अडचण. गाणं पहिलं आलं म्हटल्यावर कंपनीला अल्बम हवा, आणि तो लगेच. एका गाण्यासाठी महिने घालवणाऱ्यांना आता सगळी गाणी भराभर उरकायची होती. ‘द एज ऑफ प्लास्टिक’ जानेवारी १९८०मध्ये आला. आठच गाणी. रोबोट, मोनोरेल, फिल्म स्टुडिओ, प्लास्टिकचं युग असे विषय. ब्रिटनमध्ये तो २७व्या क्रमांकापर्यंत गेला. मला विचाराल तर ‘एल्स्ट्री’ हे त्यातलं सर्वांत उपेक्षित गाणं: लंडनजवळच्या फिल्म स्टुडिओत कधीकाळी काम केलेल्या नटाचं, किंचित केविलवाणं आणि सुंदर. बाकी दोन-तीन गाणी घाईची वाटतात, आणि ती होतीही घाईची.

दुसरी अडचण स्टेजची. हा ध्वनी तेव्हा स्टेजवर उभा करणं जवळजवळ अशक्य होतं. एका वेळी ऐकू येणाऱ्या कीबोर्डांसाठी डाउन्सला चार हात हवे होते आणि आवाजावरची करामत स्टेजवर होणार कशी? म्हणून टीव्हीवर जाऊन ओठ हलवायचे, व्हिडिओ पाठवायचा, एवढ्यावर भागलं. बगल्सची पहिली अख्खी मैफल झाली २०१०च्या सप्टेंबरमध्ये, लंडनच्या नॉटिंग हिल भागातल्या एका क्लबात, एका इस्पितळाच्या मदतीसाठी. गाणं पहिलं आल्यानंतर तब्बल एकतीस वर्षांनी!

आणि आता या गोष्टीतला सर्वांत अजब भाग. १९८०च्या सुरुवातीला येस या बड्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडमधून गायक जॉन अँडरसन आणि कीबोर्डवाला रिक वेकमन बाहेर पडले. येस आणि बगल्स या दोघांचाही मॅनेजर एकच, ब्रायन लेन. हॉर्न-डाउन्स एक गाणं घेऊन येसकडे गेले, ‘वी कॅन फ्लाय फ्रॉम हिअर’. गाणं द्यायला गेले आणि बँडमध्येच भरती झाले. वीस-वीस मिनिटांच्या रचना वाजवणाऱ्या बँडमध्ये तीन मिनिटांच्या पॉपवाले दोघं! कागदावर हा विनोद आहे. पण ‘ड्रामा’ हा अल्बम ऐकलात तर विनोद राहत नाही. तो त्याच टाउन हाउसमध्ये झाला, ऑगस्ट १९८०मध्ये आला आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. ख्रिस स्क्वायरच्या बेसला इतकी धार येसच्या फार थोड्या रेकॉर्डवर आहे.

घात झाला दौऱ्यात. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सलग तीन रात्री. ज्याने आयुष्यात स्वतःच्या बँडची धड एक मैफल केली नव्हती, तो थेट तिथे उभा. आणि गायचं काय, तर जॉन अँडरसनची गाणी. अँडरसनचा गळा नैसर्गिकच तार सप्तकात राहणारा. हॉर्नचा नाही. आपल्याकडे एखाद्या गायकाची पट्टी काळी एक असेल आणि त्याला रोज दीड तास काळी पाचमध्ये गायला लावलं तर काय होईल, विचार करा. पहिल्या आठवड्यात जोर लावून निभतं, मग गळा बसायला लागतो, मग वरचा सूर लागेल की नाही या धास्तीने खालचेही सूर बिघडतात. स्टुडिओत टेक पुन्हा घेता येतो, तिथे नाही. अमेरिकेत लोकांनी बरंच चालवून घेतलं. ब्रिटनमध्ये अँडरसन नाही म्हणून लोकांनी हुर्यो उडवली. डिसेंबर १९८०मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात दौरा संपला आणि थोड्याच दिवसांत येसही तात्पुरता मोडला.

बगल्स खरे संपले ते या महिन्यांत. डाउन्सला दौऱ्यात सूर सापडला होता. मोठा स्टेज, कीबोर्डांची भिंत, हे त्याला मानवलं. येसचा गिटारिस्ट स्टीव्ह हाउ याच्याबरोबर तो ‘एशिया’ या नव्या बँडमध्ये गेला आणि १९८२मध्ये एशियाचा पहिला अल्बम अमेरिकेत नऊ आठवडे पहिला होता. हॉर्न मात्र पोळून निघाला होता. त्याची बायको जिल सिंक्लेअर हिचं कुटुंब सार्म स्टुडिओ चालवत होतं आणि ती या धंद्यात मुरलेली होती. तिने त्याला स्पष्ट सांगितलं: कलाकार म्हणून तू कायम दुसऱ्या रांगेत राहशील, निर्माता म्हणून जगात पहिला होऊ शकतोस. इतका रोखठोक सल्ला घरातून मिळणं हे भाग्यच, आणि तो ऐकणं त्याहून अवघड.

दुसरा अल्बम ‘ॲडव्हेंचर्स इन मॉडर्न रेकॉर्डिंग’ नोव्हेंबर १९८१मध्ये आला तेव्हा तो जवळजवळ हॉर्नचा एकट्याचाच होता, सोबतीला वूली आणि सायमन डार्लो. कंपनीही बदलली होती. ब्रिटनमध्ये तो यादीतच आला नाही. एमटीव्ही सुरू होऊन तीन महिने झाले होते, रोज यांचं जुनं गाणं लागत होतं, आणि अमेरिकेत नवा अल्बम १६१व्या क्रमांकावर अडकला. प्रसिद्धी आणि विक्री यांचा संबंध किती सैल असतो, हे नव्या मुलांना समजावताना मी हेच उदाहरण देतो.

पण इंजिनिअरच्या कानाने ऐकलं तर हा दुसरा अल्बम पहिल्यापेक्षा मोठा आहे. फेअरलाइट हा सॅम्पलिंगचा संगणक तेव्हा नुकता आला होता आणि हॉर्न त्याच्याशी झटापट करत होता. तिथे जमवलेलं सगळं त्याने दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वापरलं. आधी डॉलर ही पॉप जोडी. ती गाणी ऐकून एबीसी हा बँड आला, त्यातून १९८२चा ‘द लेक्सिकन ऑफ लव्ह’ झाला, ब्रिटनमध्ये पहिला. मिक्सिंगला पुन्हा गॅरी लँगनच. मग जानेवारी १९८४ आला. त्या महिन्यात अमेरिकेत पहिलं होतं येसचं ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ आणि ब्रिटनमध्ये पहिलं झालं फ्रँकी गोज टू हॉलिवूड या बँडचं ‘रिलॅक्स’. दोन्हींचा निर्माता हॉर्न. ज्या बँडचा गायक म्हणून त्याला शिव्या खाव्या लागल्या, त्या बँडला अमेरिकेतली एकमेव पहिल्या क्रमांकाची सिंगल त्यानेच मिळवून दिली, काचेच्या या बाजूला, म्हणजे कंट्रोल रूममध्ये बसून.

आपल्याकडचा धागाही सांगून टाकतो, कारण ‘हे तर बप्पीदांचं गाणं’ म्हणणारे अजून भेटतात. डिसेंबर १९८२च्या ‘डिस्को डान्सर’मधलं ‘औवा औवा कोई यहाँ नाचे’ उघड उघड बगल्सवरून घेतलेलं आहे. उषा उत्थुप आणि बप्पी लाहिरी यांनी गायलेलं. गंमत बघा: लंडनमधल्या ज्या दोघांवर बेंगळुरूच्या बिद्दूचा संस्कार होता, त्यांची चाल फिरून मुंबईत आली. महाराष्ट्रात माझ्या वयाच्या बहुतेकांनी नक्कल आधी ऐकली आणि मूळ नंतर. चाल उचलण्याचं समर्थन मी करणार नाही, पण उषाताईंचा तो जाडा, घोगरा आवाज त्या मुखड्यावर आला की गाणं पार बदलतं. मूळ गाण्यात हळहळ आहे, इथे ती औषधालाही नाही. रेडिओ तारा कुठला आणि व्हिडिओ कुठला, सगळं बाजूला, फक्त नाचा!

पुढचं थोडक्यात. नोव्हेंबर २००४मध्ये लंडनच्या वेंब्लीतल्या एका कार्यक्रमात दोघं एकत्र आले. २०११मध्ये येसच्या ‘फ्लाय फ्रॉम हिअर’ अल्बमवर १९८०चं ते जुनं गाणं अखेर नीट रेकॉर्ड झालं, निर्माता हॉर्न, कीबोर्डवर डाउन्स. २०२३मध्ये सील या गायकाच्या अमेरिका दौऱ्यात आधीचा कार्यक्रम हॉर्नने बगल्स याच नावाने केला.

नव्याने ऐकणार असाल तर क्रम असा ठेवा. आधी ‘व्हिडिओ किल्ड’ अल्बमवरचं, हेडफोन लावून, आणि पहिल्या फेरीत फक्त ड्रमकडे लक्ष द्या. मग ‘एल्स्ट्री’. त्यानंतर ‘ड्रामा’मधलं ‘इन्टू द लेन्स’, साडेआठ मिनिटांचं, पाचही जण जीव तोडून वाजवताहेत. आणि लगेच त्यावर दुसऱ्या बगल्स अल्बममधलं ‘आय ॲम अ कॅमेरा’. गाणं तेच आहे, पण पाच मिनिटांच्या आत संपतं, कारण हॉर्नने त्यातला सगळा बँड काढून टाकलाय.